गोधडीच्या अस्तरासाठी मऊ कापड कोणते घ्यावे?

सुईदोरा (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या ७८ वर्षांच्या आईसाठी मी घरीच गोधडी शिवायला घेतली आहे. तिच्या आणि आजीच्या जुन्या सुती साड्यांतून शिवणीपुरते जादा कापड सोडून १० इंचांचे ५४ चौकोन कापून वरचा थर जोडून झाला आहे. आडवे ६ आणि उभे ९ चौकोन असल्यामुळे गोधडी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब होईल. आत आजोबांच्या धोतरांचे दोन थर घालणार आहे, कापूस भरणार नाही. प्रश्न उरला आहे तो अस्तराचा, म्हणजे अंगाला लागणाऱ्या बाजूचा.

वयामुळे आईची त्वचा फार नाजूक झाली आहे. चादरीची जाड शिवण रात्रभर दंडाखाली राहिली तरी सकाळी तेथे वळ दिसतो आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी झाली की तिला खाज सुटते. त्यामुळे या एका थराचा विचार मी बाकी सगळ्या गोधडीपेक्षा जास्त करते आहे. मागच्या आठवड्यात रविवार पेठेत कापडगंजात जाऊन आले. फलालीन, मलमल, केंब्रिक (जरा घट्ट विणीचे सुती कापड) आणि पॉलिस्टरचे फ्लीस असे चार प्रकार पाहिले आणि चारही हाताला मऊच लागले. माझा गोंधळ तेथेच वाढला, कारण तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या गोधडीला मी असेच दुकानात मऊसूत वाटलेले छापील कापड लावले होते. दुसऱ्या धुण्यात त्याचा मऊपणा गेला, पाचव्या-सहाव्या धुण्यापर्यंत त्यावर बारीक गोळे आले आणि तो मुलगा ती गोधडी उलटी करून पांघरू लागला. हीच चूक आईच्या बाबतीत मला करायची नाही.

शिवण हाताने, धावदोऱ्याची असेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कोथरूडची आजी

सुईदोरा, कपाटात आईची आणखी एखादी धड सुती साडी उरली असेल, तर कापडगंजात पुन्हा जाण्याआधी ती बाहेर काढ. नव्या कापडाला गिरणीतली खळ असते, ते आटायचे असते, त्याचा रंग जायचा असतो. पंधरा-वीस वर्षे नेसलेल्या साडीचे हे सगळे होऊन गेलेले असते. आमच्या आईने शिवलेल्या प्रत्येक गोधडीला खालून साडीच असायची आणि तीही शक्यतो नेसून नेसून विरत आलेल्या रंगाची, कारण तेवढी वापरलेली साडीच तेवढी मऊ होते.

मात्र जुनी साडी डोळे झाकून घेऊ नकोस. साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. बसण्याचा भाग आणि निऱ्यांची खालची कड आधी जाते. पदराचा आतला भाग आणि कमरेला खोचलेला भाग बराच टिकतो. खिडकीशी धरून उजेडात पाहा. धागे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर त्या जागी खडूने खूण कर. मग दोन्ही हातांत विताएवढा भाग धरून आडवा आणि उभा हलकेच ताणून पाहा. चर्र असा बारीक आवाज आला, तर तो भाग अस्तराला घेऊ नये; तो मधल्या थरात घालावा. आणखी एक गोष्ट म्हणजे काठ उसवून किंवा कापून काढ. काठाची वीण घट्ट असते, धुतल्यावर तो वेगळा ओढला जातो आणि त्याच्या शेजारी चुण्या पडतात. जरीचा काठ असेल तर तो आईच्या अंगाला टोचेलही.

सुईदोरा

आजी, मनापासून आभार. आईची एक रोजच्या वापरातली सहावारी आहे, फिकट निळी, बारीक ठिपक्यांची. ती आज रात्रीच उजेडात धरून पाहते. ती पुरली नाही, तर विकतचे कापड घ्यावेच लागेल, म्हणून त्याबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.

वीणकाम

मी वस्त्रोद्योगात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

दुकानात बोटांना जो मऊपणा लागतो, त्यातला काही धाग्याचा आणि विणीचा असतो, तर काही कापड तयार झाल्यावर शेवटी दिलेल्या रसायनांचा असतो. धाग्याचा मऊपणा टिकतो, वापराने वाढतोही. रसायनांचा मऊपणा काही धुण्यांत निघून जातो आणि खाली कापड जसे असते तसे उघडे पडते. आपल्या भाच्याच्या गोधडीचे नेमके हेच झाले असावे. गोळे आले, त्यावरून त्या कापडात पॉलिस्टरचे मिश्रणही असणार असे मला वाटते. घासून सुटलेले सुती तंतू कापडावरून बहुधा गळून पडतात, पण पॉलिस्टरचा तंतू चिवट असल्यामुळे तो तुटत नाही आणि सुटलेल्या तंतूंची गुंडी कापडालाच धरून ठेवतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, कोणतेही कापड पूर्ण घेण्याआधी त्याचे फक्त पाव मीटर घ्यावे. त्याची लांबी आणि रुंदी मोजून कागदावर लिहावी, घरी नेहमीच्या साबणाने तीन वेळा धुवावे, दर वेळी उन्हात पूर्ण वाळवावे आणि मग निर्णय घ्यावा. बोटांच्या टोकांनी पाहू नये, कारण घरकाम करणाऱ्या हाताची बोटे राठ झालेली असतात. मनगटाच्या आतल्या बाजूला, मानेला आणि गालाला लावून पाहावे. तिसऱ्या धुण्यानंतर पुन्हा मोजले, म्हणजे कापड किती आटते तेही कळते. सुती कापड साधारणपणे शेकडा ३ ते ५ आटते, फलालीन त्याहून जास्तही आटू शकते.

कापड शुद्ध सुती आहे का, याची खात्री दुकानदाराच्या शब्दावर न ठेवता घरी करता येते. कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरावेत आणि ज्योतीला लावावेत. सूत पटकन जळते, जळलेल्या कागदासारखा वास येतो आणि मागे राखाडी, मऊ, बोटाने पुसली जाणारी राख उरते. पॉलिस्टर आधी आकसते, वितळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही गोष्टी दिसतात. हे करताना खाली पाण्याचे ताट ठेवावे.

आईंच्या खाजेच्या दृष्टीने एक आकडा महत्त्वाचा आहे. प्रमाणित, म्हणजे ठरावीक तापमानाच्या आणि दमटपणाच्या, हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. रात्री अंगाला येणारा दमटपणा सूत शोषून घेते आणि हळूहळू बाहेर सोडते. पॉलिस्टरमध्ये तो त्वचेवरच राहतो आणि कोरड्या थंडीत त्याच कापडात स्थिर वीजही साठते. रेयॉन हाताला फार मुलायम लागते, पण ओले झाले की त्याची ताकद निम्म्यापर्यंत कमी होते. सुताचे उलट आहे, ते ओले असताना अधिक बळकट असते. जी वस्तू ओली होऊन जड होणार आणि दोन माणसांनी धरून पिळली जाणार, तिला रेयॉनचे अस्तर मी कधीही सुचवणार नाही.

डोंगरवाट

वरील माहिती पटते, तरीही फ्लीसच्या बाजूने एक अनुभव नोंदवते. माझी मुलगी वसतिगृहात राहते. तिच्या पांघरुणाला मी फ्लीसचे अस्तर लावले आणि जुलैच्या पावसात ते पंख्याखाली एका रात्रीत वाळते. सुती गोधडी आमच्या घरी पावसाळ्यात तीन-तीन दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. फ्लीस आटत नाही, त्याचे धागे सुटत नाहीत आणि सुईही सहज जाते. त्यामुळे ते सरसकट वाईट आहे असे म्हणणे मला योग्य वाटत नाही.

वीणकाम

डोंगरवाट, आपले म्हणणे बरोबर आहे. वसतिगृहातल्या मुलीसाठी मीही कदाचित तेच केले असते. येथे मात्र पांघरणारी व्यक्ती ७८ वर्षांची आहे, तिला खाजेचा त्रास आहे आणि गोधडी थेट अंगाला लागणार आहे. शिवाय फ्लीस ताणले जाते. खाली ताणले जाणारे आणि वर न ताणले जाणारे कापड असले, की हाताच्या शिवणीत खालची बाजू झोळ खाते. शेगडीची किंवा निरांजनाची ठिणगी पडली, तर पॉलिस्टर वितळून त्वचेला चिकटू शकते, हाही विचार वयस्कर माणसाच्या बाबतीत करावा असे मला वाटते.

माहेरसातारा

फलालीनबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे बाळाची झबली आणि दुपटी फलालीनचीच असत. कापडाच्या अंगावर ब्रशाने घासून लव उभी केलेली असते, त्या लवेत हवा अडकते आणि म्हणून पांघरताक्षणी ऊब वाटते. मलमल किंवा केंब्रिक आधी गार लागते आणि मग अंगाच्या उबेने गरम होते. रात्री दोनदा उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हा फरक जाणवतो. माझ्या सासूबाईंच्या रजईला फलालीनचे अस्तर आहे आणि ते त्यांना मनापासून आवडते.

उणीवही सांगते. पहिली काही धुणी त्यातून लव गळते, म्हणून ते वेगळे धुवावे लागते. लव उभी असल्यामुळे त्यावर विस्तव पटकन पसरतो, तेव्हा देवघरापासून आणि शेगडीपासून दूर ठेवावे. आणि ते जड असते.

कर्वेनगर शिवण

वजनाचा हिशेब करून पाहिला. ६० बाय ९० इंच म्हणजे जवळजवळ ३.५ चौरस मीटर. कापडाच्या वजनात दर चौरस मीटरला १०० ग्रॅमचा फरक असेल, तर पूर्ण गोधडीत सुमारे ३५० ग्रॅमचा फरक पडतो. जाड फलालीन आणि तलम मलमल यांच्यात एवढा फरक सहज असतो. तरुण माणसाला तो कळणार नाही, पण झोपेत कूस बदलणाऱ्या आजींना कळेल आणि ओली गोधडी दोरीवर टाकणाऱ्या व्यक्तीला तर नक्कीच कळेल.

कापड किती घ्यावे, हेही येथेच लिहिते, कारण यात पुष्कळांचे चुकते. अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी ३ इंच मोठे हवे. टाके घालताना कापड आत ओढले जाते आणि कडा अपुऱ्या पडतात. म्हणजे अस्तर ६६ बाय ९६ इंच. ४४ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) कापड घेतल्यास ९६ इंचांच्या दोन लांब्या लागतात. त्या १९२ इंच म्हणजे ४.८८ मीटर होतात; आटण्यासाठी धरून ५.२५ मीटर घ्यावे. ९० इंच पन्ह्याचे चादरीचे कापड घेतल्यास २.६० मीटरमध्ये जोड न देता काम होते. परंतु चादरीच्या कापडाबद्दल सावध राहावे. त्याची वीण दाट असते आणि धावदोरा घालताना सुई अडते. मी एकदा असे दाट विणीचे कापड लावले होते. अंगुस्तान घालूनही मधले बोट सोलवटले आणि टाके एकसारखे आले नाहीत. सुई सहज आरपार जाते का, हे पाव मीटरच्या तुकड्यावर चार थर ठेवून आधी पाहावे.

दोन लांब्या जोडताना शिवण मधोमध घेऊ नये. एक लांबी अखंड मध्ये ठेवावी आणि दुसरी उभी चिरून तिचे भाग दोन बाजूंना जोडावेत, म्हणजे जोड पाठीखाली येत नाही. शिवण उघडून इस्त्री करावी. दोन्ही दुमड एकाच बाजूला वळवले, तर तेथे जाडी होते आणि आपल्या आईंच्या दंडावर उमटेल ती नेमकी हीच जाडी.

सुईदोरा

साडी पाहून झाली. मधला सव्वा मीटर भाग गेला आहे, उजेडात जाळीसारखा दिसतो. बाकीची साडी मात्र चांगली निघाली. एका टोकाकडून ९६ इंचांची एक सलग लांबी मिळते, दुसरी मिळत नाही. काठ काढल्यावर तिची रुंदी ४३ इंच भरते. आता उरलेल्या भागासाठी काय करावे? वीणकाम यांच्या सांगण्याप्रमाणे मलमल, केंब्रिक आणि फलालीन यांचे पाव-पाव मीटर आणले आहे. आज दुसरे धुणे झाले.

कोथरूडची आजी

मग अवघड काहीच नाही. साडीची ती लांबी मध्ये घाल आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा इंचांच्या पट्ट्या जोड. आईचे अंग मधल्या भागालाच लागणार. पट्ट्यांचे कापड मात्र आधी धुऊन आटवून घे. आटलेल्या साडीला न आटलेले कापड जोडलेस, तर पहिल्याच धुण्यात पट्ट्या आखडतील आणि मधली साडी फुगून राहील.

साडीचा उभा धागा गोधडीच्या लांबीच्याच दिशेने येऊ दे. पट्ट्याही तशाच काप. आडव्या धाग्याच्या बाजूने कापड जास्त ताणले जाते. दोन्ही दिशा मिसळल्या की गोधडी वाकडी होते.

वीणकाम

पट्ट्यांसाठी मलमल चालेल. मलमलीबद्दल एरवी जी तक्रार असते, ती विरळ विणीतून कापसाचे तंतू बाहेर येतात ही. आपण कापूस भरत नाही, आत धोतराचे थर आहेत, त्यामुळे तो प्रश्न येथे उद्भवत नाही. कापूस भरून पिंजाऱ्याकडून रजई करून घेणाऱ्यांनी मात्र अस्तराला केंब्रिकसारखे जरा घट्ट विणीचे कापडच घ्यावे.

अंजिरी

कापडाच्या निवडीइतकाच टाक्यांचाही विचार व्हावा, असे मला वाटते. मी गोधड्या शिकले त्या एका मावशींकडून, ज्या कडेपासून सुरुवात करून आयताच्या आत आयत असे टाके घालत मध्यापर्यंत येत. त्या सांगत की दोरा ओढून घट्ट करायचा नाही, कापडावर नुसता निजवायचा. मी पहिल्या गोधडीत पाव-पाव इंचावर ओळी घातल्या आणि प्रत्येक टाका कसून ओढला. अस्तर उत्तम मलमलीचे होते, पण गोधडी पुठ्ठ्यासारखी झाली. पुढच्या गोधडीला तेच कापड, तेच थर घेऊन ओळींत पाऊण इंच अंतर ठेवले आणि ती अंगावर पाण्यासारखी पडली. तेव्हापासून मी कोणालाही कापड सुचवण्याआधी, तुम्ही ओळी किती जवळ घालता, असे विचारते.

दोरा सुतीच घ्या. त्याला मेण लावले तर गुंता होत नाही. नेढे मोठे पण अंगाने बारीक अशी सुई शोधा. तुळशीबागेत आणि बोहरी आळीत मिळते. जाड सुईने जुन्या साडीत पडलेले भोक बुजत नाही. गाठी अस्तराच्या बाजूला ठेवू नका, थरांच्या मध्ये ओढून घ्या. एवढ्या नाजूक त्वचेला एकेक गाठ टोचते.

डोंगरवाट

अस्तर फिकट आणि वरचे चौकोन गडद असतील, तर रंगाची परीक्षा विसरू नये. ओल्या पांढऱ्या कापडावर प्रत्येक गडद तुकडा ठेवून गरम इस्त्री दाबावी. रंग उमटला, तर तो तुकडा पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असे आपण ऐकत आलो आहोत, परंतु मीठ रंगाच्या हौदात रंग धाग्याकडे जाण्यासाठी वापरतात. रंगवून झालेल्या कापडाचा सुटा रंग त्याने बांधला जात नाही.

सुईदोरा

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण अर्धवट सांगायचे नव्हते.

तिन्ही तुकडे तीन वेळा धुऊन झाल्यावर मी आईला डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या दंडाला, मग मानेला एकेक लावले. चौथा तुकडा तिच्याच साडीचा होता. फलालीन लावल्यावर ती म्हणाली, “हे उबदार आहे, पण याचे केस लागतात.” केंब्रिक तिला नव्या उशीच्या अभ्र्यासारखे वाटले. मलमलीला ती “चांगले आहे” म्हणाली. साडीचा तुकडा मानेला लागला, तेव्हा ती काहीच बोलली नाही, हाताने तो तेथेच धरून बसली. कापड कोणते, ते मी तिला सांगितले नव्हते.

मोजमापही देते. मलमलीचा तुकडा लांबीत शेकडा ४ आटला, फलालीनचा ६. पट्ट्यांसाठी २.७५ मीटर मलमल आणली, तीन वेळा धुतली आणि मगच कापली. साडी मध्ये आहे, पट्ट्या दोन्ही बाजूंना आहेत, शिवणी उघडून इस्त्री केल्या आहेत. अस्तर जमिनीवर पसरून चारही कडांना पाटे आणि पुस्तकांची वजने ठेवली, त्यावर धोतराचे थर आणि सर्वांत वर चौकोन घालून विताविताच्या अंतरावर कच्चे टाके मारले. धावदोऱ्याच्या ओळी अंजिरी यांनी सांगितल्याप्रमाणे पाऊण इंचावर घातल्या. सुरुवातीच्या चार ओळी मी सवयीने ओढून घट्ट केल्या होत्या. हात फिरवला तर तेवढाच भाग कडक लागत होता, म्हणून त्या उसवून पुन्हा घातल्या.

आता कोपऱ्यांचे चार त्रिकोण तेवढे राहिले आहेत. आईला ते लाल खणाचे हवे आहेत. खण काल बादलीत भिजत घातला. पाणी अजून गुलाबी येते आहे, म्हणून आज पुन्हा धुतला आहे.